अनंताने लिहून न ठेवलेलं

ईशान, मुक्ता, तुमचे अनंतआजोबा, म्हणजे माझा धाकटा भाऊ, गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर चिडूनच बसले होते. सकाळच्या एसटीने तो श्रीरामपूरहून पुण्याला गेला, आणि जाताना पुन्हा तेच, ‘ताई, आल्यावर लिहितो.’ दुपारी त्याच्याबरोबर काम करणाऱ्या मीनलने कळवलं, हृदय बंद पडलं... पाच आठवडे झाले. माझी चिडचिड अजून गेलेली नाही.

तो नक्की काय करायचा, असं तुम्ही विचारलंत. मेंदूतलं पाणी कुठल्या दिशेने सरकतंय, हे एमआरआयमध्ये जागोजाग टिपता येतं. पाणी मज्जातंतूंच्या लांबीने सरकतं, म्हणून त्या दिशा जोडत संगणक तंतूंचे मार्ग काढतो. गाठ काढताना बोलण्याचे तंतू कापले जाऊ नयेत, म्हणून सर्जनना ते मार्ग हवे असतात. पण दोन तंतू एकमेकांना छेदतात तिथे संगणक भलतीकडे वळतो आणि नसलेला मार्ग रंगवून दाखवतो. ही चूक काढण्यात अनंताचं आयुष्य गेलं.

एकदा नगरहून परतताना आम्ही घोडेगावला थांबलो. बाजाराचा दिवस. हा चौकातल्या धुळीत उमटलेले गुरांचे खूर बघत उभा. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला त्याने विचारलं, यातलं कोण सरळ गेलं आणि कोण वळलं, कसं ओळखायचं?

‘हितं बघून न्हाई कळायचं, मास्तर. चारी वाटांनी लांब जाऊन बघा, मंग मागं या. आन् बैल घ्यायचा नसंल तर वाट सोडा.’

घरी येताच अनंत संगणकापुढे बसला. पुढे कित्येक महिने त्याने संगणकाला तेच शिकवलं. छेदापाशी ठरवू नको, दोन्हीकडे लांबवर बघ, मग ठरव. चुका खूप कमी झाल्या. मी म्हटलं, आता पायरीपायरीने लिहून काढ, सुवाच्य प्रत मी करून देते. तर म्हणे, अजून एक छेद चुकतोय, अर्धवट कशाला लिहू? एक छेद नेहमीच उरायचा.

दुसऱ्या आठवड्यात मीनलचा फोन आला. प्रोग्राम चालतो, पण कुठे किती लांब बघायचं ते सर दर वेळी स्वतः ठरवून घालायचे. ‘कशावरून ठरवायचे, कुठं लिहिलंय का हो, ताई?’ तोवर तिने सर्जनना चित्रं देणं थांबवलंय.

नाही लिहिलं. टेबलभर कागद आहेत, नुसत्या रेघा आणि बाण. ना तारीख, ना पानाचा आकडा.

रविवारी ती येणार आहे. मी घरात वर्तमानपत्रंही तारखेवार रचणारी. पण कुठल्या कागदानंतर कुठला, हे आता फक्त त्या पसाऱ्यालाच ठाऊक. म्हणून त्या खोलीतला पंखा बंद ठेवलाय, खिडकीही. रोज थोडा वेळ टेबलासमोर बसते, आणि हात मांडीवर घट्ट धरून ठेवते.