घामोळं आलेली कवडी

ताई गेल्यावर तिची डबी मी पहिल्यांदा उघडली ती नवरात्राच्या तोंडावर. निवृत्त झाल्यावर ती अंदमानला जाऊन आली होती, आणि तिथल्या बाजारातून तिने मूठभर चिमुकल्या कवड्या आणल्या होत्या. आमच्या घरच्या भवानीच्या माळेतली एक कवडी फुटली होती. त्या जागी यातली एक ओवायची, असं ती म्हणायची. ते राहून गेलं. घटस्थापनेआधी मला ते करायचं होतं.

आत्याने डबी तळहातावर उलटी केली.

“ह्या कवड्या नव्हेत रे. कवडीची पाठ गुळगुळीत असते. ह्यांना तर घामोळं आलंय.”

“बघतो.”

“बघ भिया, बघ. दसऱ्यापर्यंत बघत बसशील. देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी दुकानांत मिळतात, एक घेऊन ये. देवीला खोटं चालत नाही.”

खोटं मलाही चालणार नव्हतं. ताईने जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं. तिचं शंखशिंपल्यांचं पुस्तक आणि भिंग घेऊन मी खिडकीशी बसलो. बहुतेक वाटाण्याहून लहान होत्या आणि त्यांच्या तोंडापासून निघालेल्या रेघा थेट पाठीवर चढून पलीकडे उतरत होत्या. खऱ्या कवडीच्या तोंडाच्या फटीवरचे दात सहसा असे पाठीपर्यंत जात नाहीत. ही कवडीसारखी दिसणारी वेगळीच समुद्री गोगलगाय. एकेक पाहून मी डबीत परत टाकत गेलो. आत्याचंच बरोबर ठरत होतं.

शेवटची जरा मोठी, पावट्याएवढी. तिच्या पाठीवर रेघा नव्हत्या. सुटे, फुगीर ठिपके होते. पुस्तकात ती खऱ्या कवड्यांमध्ये सापडली. दुसऱ्या दिवशी उन्हात धरून पुन्हा ताडून पाहिली. तीच होती.

आत्याने चष्मा लावून चित्र पाहिलं, मग कवडी, मग पुन्हा चित्र.

“आहे खरी,” ती म्हणाली. “पण घासावी लागेल.”

माळेतल्या प्रत्येक कवडीची पाठ घासून भोक पाडलेलं असतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सहाणेवर पाणी घेऊन मी बसलो. ठिपके झिजू लागले. मधे एकदा हात थांबला. आत्या समोर वाती वळत होती. मग भोक पडेपर्यंत मी घासत राहिलो.

आता माळेत सगळ्या सारख्याच दिसतात. ताईची देवीच्या उजव्या खांद्याशी येते.