काचेतलं पान

मराठी पुस्तकं ब्रेलमध्ये उतरवणारं सॉफ्टवेअर करायचं म्हणून अमरावतीचे एक साहेब मला दर बैठकीला अकोल्याहून बोलावतात. मी आंधळ्या मुलांचा मास्तर, स्वतःही आंधळा. साहेब फळ्यावर मार्कर किरकिरवत आराखड्याचे चौकोन काढतात आणि मलाच विचारतात, "सर, रंग जमून राहिले ना?" दर वेळी आराखडा नवा, आलुबोंडा तोच.

परवा एकदाचं उठावाच्या ठिपक्यांचं पहिलं पान निघालं. मुलांना देण्याआधी तपासायला मी बोटं पुसून बसलो. साहेबांनी पान हातात दिलं, तेही काचेच्या फ्रेममध्ये बसवून.

"ठिपके दबू नये म्हून! कसं झालं सर?"

मी काचेवरून बोट फिरवलं.

"झकास. आता आमच्या पोराइलेबी अशीच फ्रेम करून टांगून द्या."