शंका असेल तर सुनेत्राला विचारा

सिंगापूरच्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींत कुणाच्या डोक्यात शंकेचा किडा वळवळला, की एकच सल्ला मिळे: सुनेत्राला विचारा. ही आपली पुण्याची सुनेत्रा. बँकेत अकाउंट्स सांभाळणारी, वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये राहणारी. नोकरीनिमित्त इथे आल्यावर तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, निशिकांतनं, हा पंथ स्वीकारला. लोक इंटरनेटवर टीकाकारांचं काहीबाही वाचून तिच्याकडे येत. तुमच्या संदेष्ट्यांची अमुक भविष्यवाणी फसली म्हणे, तमुक खोटी ठरली म्हणे! सुनेत्रा आधी समोर साबुदाण्याची खिचडी ठेवायची आणि मग तोंड उघडायची. ते लवकर मिटायचं नाही. उठताना माणसाची शंका फिटलेली असो वा नसो, पोट मात्र भरलेलं असे.

पण २०१६ साली तिचा खरा कस लागला, कारण पुण्याहून प्रबोधदादा आला. सख्खा थोरला भाऊ, पक्का नास्तिक, आणि वादात हार म्हणून ठाऊक नाही. सुनेत्राची लेक जाई आठ वर्षांची झाली होती आणि शनिवारी तिचा बाप्तिस्मा, म्हणजे पंथात येण्याचा विधी, होता. "माझ्या तत्त्वात बसत नाही, मी घरीच थांबेन," असं दादानं बॅग ठेवता ठेवताच जाहीर करून टाकलं. त्यावर जाईनं पाय आपटून आपल्या सिंगापुरी इंग्रजीत फर्मावलं.

"मामा नॉट कमिंग, आय ऑल्सो नॉट गोइंग, लाह!"

झालं! मामा-भाचीच्या हट्टात आईचा जीव टांगणीला लागला. निशिकांत जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यातून दमून यायचा आणि "तुमचं तुम्ही बघा" म्हणून मोकळा व्हायचा.

"मुंजीला मामा लागतो ना रे? मग याला का नको?" सुनेत्रानं दादाला विचारलं.

"आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर दे, मग बघू."

दादा आधीच चिडलेला होता, कारण या पंथात चहा वर्ज्य. ऊठसूट तो खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, जाऊन चहा ढोसून येई आणि नव्या दमानं भांडे. "तुमचा तो पहिला संदेष्टा १८३२ साली सांगून गेला, अमेरिकेतल्या मिसूरीत याच पिढीत मंदिर उभं राहील. पिढी कधीच मातीत गेली. मंदिर कुठाय?"

सुनेत्रा पदर नसताना पदर खोचल्यासारखी सरसावून बसली. "अरे, बायबलात निनवे शहरालाही सांगितलं होतं की चाळीस दिवसांत नष्ट होशील. लोक सुधारले, शहर वाचलं. मग सांगणारा खोटा का?"

"तो धाक होता. हे वचन आहे."

"आमच्या पंथाच्या लोकांना मिसूरीतून मारून हाकललं, दादा. पुढे देवानंच सांगितलं, शत्रूंनी काम करू दिलं नाही तर दोष तुमच्याकडे नाही."

"वा गं वा! जमलं तर देवाचं, फसलं तर शत्रूचं!"

सुनेत्राला फिस्सकन हसू फुटलं. काय करणार, बोलला तर झकास होता मेला! "खरं सांगू? मला यातलं बरंचसं पटतं, थोडं अजून अडतं," ती म्हणाली. "पण तू माझ्या लग्नात काय म्हणाला होतास? हा निशिकांत वर्षभरात पळून जाईल. मग म्हणालास, या पंथाला कंटाळून सहा महिन्यांत परत येशील. तुझं एक तरी भाकीत खरं ठरलंय का? तरी भाऊबीजेला मी तुझीच वाट बघते ना? तेवढ्यासाठी मी माणूस टाकत नाही रे."

दादाचा आवाज खाली आला! जन्मात पहिल्यांदा.

"हे काही उत्तर नव्हे," तो पुटपुटला.

"नाहीच आहे."

"शनिवारी किती वाजता निघायचंय?"

सुनेत्राला इतका आनंद झाला की ती स्वतः खाली जाऊन त्याच्यासाठी चहा घेऊन आली.

शनिवारी चर्चमधल्या लहानशा हौदात पांढऱ्या कपड्यांतला निशिकांत जाईला घेऊन उतरला. प्रार्थना म्हटली, तिला पाण्यात बुडवून वर काढलं. लोक हसून बघतायत तोच मागून गर्जना झाली, "स्टॉप! थांबा! पायाचा अंगठा वर राहिला!"

सुनेत्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांच्या माना दादाकडे वळल्या. पण हौदाशी उभ्या असलेल्या दोन साक्षीदारांनीही एकमेकांकडे बघून मान हलवली. बरोबर होतं, अंगठा दिसला होता. नियमच असा, की अंग पूर्ण बुडालं पाहिजे. जरा काही वर राहिलं की पुन्हा पहिल्यापासून.

निशिकांतनं पुन्हा प्रार्थना म्हटली. दादा आता थेट काठाशी येऊन ओणवा झाला होता. "जाई, गुडघे वाकव! निशिकांत, नीट धर तिला. हां, आता!"

जाई गेली खाली, सगळीच्या सगळी.

"झालं! पुरतं झालं!" दादा ओरडला आणि जाई नाकातोंडातलं पाणी उडवत, खिदळत वर आली. सुनेत्राला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं.

शेजारच्या चिनी आजींनी दादाला कौतुकानं विचारलं, "तुम्ही आमच्यातलेच ना?"

"छे हो! माझा यातल्या कशावरही विश्वास नाही," दादा चष्म्यावरचं पाणी पुसत आपल्या पुणेरी इंग्रजीत म्हणाला. "पण आमच्या पोरीचं काही अर्धवट राहिलेलं मला चालायचं नाही."