मेहरूणची वृषाली आणि चोपड्याची गाडी

जळगावात मेहरूण तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर 'सुरवाडे ऑटो इलेक्ट्रिक' अशी पाटी आहे. पहिल्यांदा येणारा माणूस गाडीतून उतरतो, आत डोकावतो आणि स्टुलावर बसलेल्या बाईला विचारतो, "मेकॅनिक कुठं गेले?" वृषाली हातातलं काम न सोडता सांगते, "इथंच आहेत, बोला." मग तो माणूस आणखी एकदा इकडेतिकडे बघतो. तिला याचा पूर्वी राग यायचा, आता येत नाही. बघून झालं की तो आपोआप बोनेट उघडतो.

वृषाली मूळची पहूरची. वडील धम्मपाल शेतातल्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करत हिंडायचे आणि सुट्टीच्या दिवशी सायकलवर पुढच्या दांडीवर लेकीला बसवून न्यायचे. विहिरीवर पोचलं की ते आधी बराच वेळ नुसते बसून राहायचे. शेतकरी कावायचा, "आबा, हात तर लावा." आबा म्हणायचे, "लावतो, आधी मोटार काय करते ते पाहू दे." ही बसण्याची सवय लेकीनं उचलली. पुढं जामनेरला आयटीआय झालं, जळगावात दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये सहा वर्षं झाली आणि मग स्वतःचं दुकान. पण आजही बॅटरी उतरणारी गाडी आली की ती पहिला अर्धा तास काहीच करत नाही, आणि लोकांना वाटतं बाईला काही सुचत नाहीये.

माघातल्या एका सकाळी चोपड्याहून जवरीलाल शेठ आले. कापसाचे मोठे व्यापारी, सत्तरीला टेकलेले, पांढरेशुभ्र कपडे. गाडी चालवत होते तोताराम, बावीस वर्षांपासूनचे ड्रायव्हर. शेठ मागच्या दारातून उतरले ते बोलतच.

"बेटा, दोन रात्री गाडी उभी राहिली की तिसऱ्या दिवशी चालूच होत नाही. चार महिन्यांत दोन बॅटऱ्या नव्या टाकल्या. चार जणांनी फ्यूज काढून पाहिले. फॉल्ट नाही म्हणतात."

"मग?"

"मग काय. फॉल्ट गाडीत नसेल तर माणसात असणार." शेठनी आवाज खाली आणला, पण तोतारामांना ऐकू जाईल इतपतच. "दुपारी हे एसी लावून गाडीत झोपतात. मी बोललो नाही, वय झालंय त्यांचं. आज तू पण नाही म्हणालीस तर यांच्याकडून चावी काढून घेतो. बस झालं."

तोताराम गाडीच्या पलीकडं उभे होते. साठीचा माणूस, हातात काच पुसायचं फडकं. त्यांनी शेठकडं पाहिलं नाही, वृषालीकडं पाहिलं.

"ताई, मी गाडीमा झोपत नही. गाडी बंद करीसन झाडखाले बसस."

अहिराणीत इतकंच बोलून ते काच पुसायला लागले. काच आधीच स्वच्छ होती. वृषालीला त्या फडक्याकडं बघवेना. तिच्या मनात आलं, या माणसाला नोकरी जाण्याचं दुःख असेलच, पण त्याहून जास्त बावीस वर्षांनी खोटं ठरण्याचं आहे. तिनं ठरवलं की ही गाडी फॉल्ट सापडल्याशिवाय दुकानाबाहेर जाणार नाही.

"शेठ, गाडीला वेगळं काही बसवलंय? लाइट, कॅमेरा, काही?"

"काही नाही."

तिनं मान डोलावली. हे उत्तर तिला सगळेच देतात, आणि सगळे खरंच मानून देतात. एकानं डॅशबोर्डवरच्या गणपतीमागं दिवे लावले होते आणि तोही काही नाही म्हणाला होता, कारण गणपतीला तो 'काही'मध्ये धरत नव्हता.

तिनं बॅटरीची काळी वायर सोडली आणि मधे मीटर लावलं. बोनेटचा खटका स्क्रूड्रायव्हरनं दाबून बंद केला, म्हणजे गाडीला वाटावं बोनेट लागलंय. दारं लावली, चावी लांब टेबलावर ठेवली, आणि स्टूल ओढून बसली. आजकालच्या गाड्या दार लावल्याबरोबर झोपत नाहीत, वीस-पंचवीस मिनिटं जागत पडतात. जागेपणी बघितलेलं मीटर खोटं बोलतं. आधीच्या चौघांनी बहुधा घाई केली असणार.

शेठचं दोनदा घड्याळ बघून झालं. "चालू कर ना, बेटा."

"चालू केलंय."

पंचवीस मिनिटांनी मीटरवर आकडा स्थिर झाला. शून्य पूर्णांक सात अँपिअर. झोपलेल्या गाडीला यातला विसावा हिस्सासुद्धा पुरतो. म्हणजे गाडीत कुणीतरी जागं होतं आणि रात्रंदिवस खात होतं.

"एसी लावून झोपणारा माणूस आत्ता गाडीत आहे का, शेठ?" तिनं विचारलं. शेठ मीटरजवळ येऊन उभे राहिले. तोतारामांचं फडकं थांबलं.

तिनं एकेक फ्यूज काढला. आकडा हलला नाही. अल्टरनेटरची वायर सोडली, तरी नाही. आधीचे चौघं इथूनच परत गेले असणार. वृषाली उलट खूश झाली. फ्यूज काढूनही चालणारी वस्तू म्हणजे फ्यूजला न विचारता थेट बॅटरीवरून घेतलेली वस्तू. तिनं बॅटरीच्या जाड लाल वायरीवर बोट फिरवलं आणि बोटाला एक बारीक फुगवटा लागला. काळ्या टेपखाली एक बारीक वायर, इतकी नीट बसवलेली की कंपनीचीच वाटावी.

वायर आत शिरली होती. वृषालीनं हात फडक्यानं पुसले आणि पायांखालच्या मॅटवर तळवा ठेवत सरकत गेली. सकाळच्या गारव्यात सगळीकडं थंड लागत होतं. पुढच्या डाव्या सीटखाली हाताला ऊब लागली. तिथं वहीएवढा इन्व्हर्टर होता, घरातल्या सॉकेटवर चालणाऱ्या वस्तू गाडीत चालवणारा, आणि त्याला खोचलेला प्लास्टिकचा एक छोटा डबा.

"हे काय आहे, शेठ?"

शेठ वाकले. "तो तर नवकारचा डबा. आमचा जैनांचा मंत्र चालतो त्यात. धुळ्याला एकाकडून बसवून घेतला, दिवाळीआधी. पण तो बंद असतो."

"कोण बंद करतं?"

"मीच. फोन आला की मागून हात घालून…" शेठ थांबले. "बंद म्हणजे, आवाज कमी करतो. जाप मधे तोडायचा नसतो ना. इंजिन बंद झालं तरी तुटू नये म्हणून तर त्याच्याकडून थेट बॅटरीवर घेतला."

वृषालीनं डब्याचं चाक फिरवलं. 'णमो अरिहंताणं' गाडीभर ऐकू आलं, अगदी स्पष्ट. शेठचे हात सवयीनं जोडले गेले. मग ते तसेच राहिले, कारण पुढचं त्यांच्याही लक्षात आलं होतं. चार महिने, दिवसरात्र, आवाज न करता डबा जप करत होता, आणि बॅटरी त्याला पुरवत होती.

आता वृषाली वायर ओढून मोकळी झाली असती. पण सुरुवातीच्या दिवसांत एका जीपवाल्यानं तिनं सांगितलेला फॉल्ट मानला नव्हता. शेजारच्या गॅरेजमधल्या पुरुषानं तोच फॉल्ट सांगितल्यावर त्याच जीपवाल्यानं मान डोलावली होती. तेव्हापासून शेवटच्या क्षणी ती मीटर मालकाच्या हातात देते. तिनं ते शेठच्या हातात दिलं.

"आकडा तुम्ही बघा. मंत्राची ही फेरी पूर्ण होऊ द्या, मग काढते."

शेठनी तिच्याकडं चमकून पाहिलं. असं कुणी थांबेल हे त्यांना अपेक्षित नव्हतं. 'पढमं हवइ मंगलं' ही शेवटची ओळ झाली, आणि तिनं इन्व्हर्टरची वायर सोडली. शेठच्या हातात शून्य पूर्णांक सातचा आकडा घसरत शून्य पूर्णांक शून्य तीनवर येऊन बसला.

शेठ म्हणाले, "बेटा, चौघांना जमलं नाही ते तू केलंस. मी चोपड्यात सगळ्यांना सांगेन."

वृषालीला हे ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोला. पण तोताराम अजून गाडीच्या पलीकडंच उभे होते आणि त्यांच्याकडं कुणी पाहिलं नव्हतं. तिला राहवलं नाही.

"मला नंतर सांगा, शेठ. आधी त्यांना सांगा."

भाद्रपदात संवत्सरीला जैन माणूस वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतो. शेठ त्या दिवशी चोपड्यातल्या प्रत्येक ओळखीच्या दारी जायचे, हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणायचे. बावीस वर्षं त्यांना दारोदार नेलं होतं तोतारामांनी, आणि प्रत्येक दारासमोर ते गाडीपाशी थांबले होते. गाडीपाशी येऊन शेठनी ते कधी म्हटलं नव्हतं. आता संवत्सरीला सहा-सात महिने अवकाश होता.

शेठनी मीटर बोनेटवर ठेवलं. गाडीला वळसा घालून ते पलीकडं गेले आणि दोन्ही हात जोडले.

"मिच्छामि दुक्कडम्, तोताराम."

तोताराम गोंधळले. फडकं या हातातून त्या हातात गेलं. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

"शेठ, त्येनं उत्तर माले येत नही," ते म्हणाले. मग सावकाश म्हणाले, "पण मी गाडीमा झोपेल नव्हतू."

"नव्हता," शेठ म्हणाले. "तुम्ही झोपला नव्हता."