माझ्या स्वयंपाकघरातून गेलेली केबल

आमच्या परळीच्या घरात भिंतीला खिळा ठोकायची बंदी होती. सासू-सासऱ्यांनी ऊसतोडीच्या एकेका हंगामानंतर एकेक खोली उभी केलेली, राखेच्या विटांची, आणि सासूबाईंचा त्या भिंतींवर भारी जीव. लग्न होऊन आल्यावर मी कॅलेंडरसाठी एक खिळा मागितला होता. भिंत खिळखिळी होते, म्हणाल्या. कॅलेंडर अजून फ्रिजवर पडलेलं असतं.

मग धाकटी जाऊ आली. ती पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करते. नेटचा डबा पुढच्या खोलीत, तिची खोली सगळ्यात मागं, मध्ये माझं स्वयंपाकघर. जाड भिंतींमुळं वायफाय तिच्यापर्यंत पोचेना. केबल ओढावी लागेल, असं ती नुसतं म्हणाली, तर सासूबाई स्वतः जाऊन शेजारून ड्रिल मागून घेऊन आल्या. माझ्या अंगाची नुसती लाहीलाही झाली.

तरी मी मदतीला उभी राहिले. एकदा तरी त्यांनी मलाही हुशार म्हणावं, एवढंच मला हवं होतं. ड्रिलचा बिट आखूड, म्हणून दीर भिंतीला दोन्ही बाजूंनी भोक पाडत होते. जावेच्या खोलीकडच्या भिंतीचं माप मी पुढं होऊन सांगितलं, दोन्हीकडं फरशीपासून सारखंच. भोकं पडली, पण एकमेकांना मिळेनात. खोल्या वेगवेगळ्या साली बांधलेल्या, त्यामुळं मागच्या खोलीची फरशी एक पायरी खाली आहे. ती पायरी मी दिवसभर चढते-उतरते, आणि नेमकी तीच विसरले.

सासूबाई बाहेरून आल्या आणि फुटलेल्या विटेवर हात फिरवत, हे कुणी केलं म्हणून विचारू लागल्या. तेवढ्यात जाऊ म्हणाली, "आई, माप मीच चुकीचं सांगितलं."

"असू दे माय," सासूबाई म्हणाल्या. "भिंतीचं काय, सिमेंट लावलं की झालं. तुला लागलं तर न्हाई ना?"

दीरांनी ती पायरी धरून नव्यानं माप घेतलं. या वेळी भोक बरोबर पडलं, केबल पलीकडं गेली, जावेची मीटिंग सुरू झाली. मी ओट्यावरची विटेची भुकटी पुसत होते. माझी चूक तिच्या नावावर गेली, तर चुकीचेसुद्धा लाड झाले. ती वाईट असती, तर मला किती सोपं गेलं असतं.