सकाळपासून छळलेला स्नायू

आमच्या उज्जैनच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत उपकरणं मोजकीच, पण किस्से असे की एक सांगायला बसलं की चार धावत येतात! निम्म्यांत आमचे डेमॉन्स्ट्रेटर दिघे.

दिघेंना एकच वेड. पेशीच्या अंगावर बाहेरचा संदेश झेलणाऱ्या जागा असतात. त्यांच्यावर सारखा मारा केला की त्या दाद देईनाशा होतात. हे सांगताना त्यांचा चहा हमखास निवायचा.

*

एकदा दिघेंनी मला टावर चौकातल्या अत्तरवाल्याकडे ओढत नेलं आणि त्याला विचारलं, "आपको दुकान में कौन-सी खुशबू आती है?"

तो म्हणाला, "बाबूजी, खुशबू तो ग्राहक को आती है!"

दिघे इतके खूश, की गुलाबाची कुपीच घेतली. घरी वहिनींनी विचारलं, "कुणासाठी?" तेव्हा कुठे भानावर आले!

*

एकदा दिघेंना सर्दी झाली. तासातासाला नाकात थेंब, आणि नाक जास्तच बंद! देवास गेटचे डॉक्टर ओरडले, "औषध बंद करा, नाक उघडेल!"

दुसरा कुणी चिडला असता. दिघे धावत माझ्याकडे आले, "अहो, माझ्याच नाकात प्रयोग झाला!"

*

मध्य भारत राज्य जाऊन मध्य प्रदेश झाला, तेव्हा भोपाळहून एक साहेब तपासणीला यायचे ठरले. प्रयोग पसंत पडला नाही तर उपकरणं भोपाळला, आणि दिघे घरी! नोकरी टेंपररीच होती.

बेडकाचा स्नायू द्रावणात टांगायचा, औषधाचा थेंब टाकायचा. स्नायू आकसला की काजळी लावलेल्या फिरत्या ड्रमवर सुईची रेघ वर चढते. चूक होऊ नये म्हणून दिघेंनी सकाळपासून त्याच स्नायूवर थेंबामागून थेंब टाकत तालीम केली!

साहेब आले. थेंब पडला. रेघ आडवीच.

"मास्टरजी, ये तो सो गया!"

दिघे पांढरेफटक पडले, आणि एकाएकी त्यांचे डोळे चमकले. "साहब, सोया नहीं! सुबह से मैंने ही सताया है. यही तो देखने की चीज़ है! आधा घंटा दीजिए."

त्यांनी द्रावण बदललं. साहेबांनी पोहे खाल्ले. मग एकच थेंब, आणि रेघ सर्रकन वर!

साहेब खुर्चीतून उठलेच. "अरे वाह! फिर से! लाओ, मैं डालता हूँ!"

दिघेंनी ड्रॉपर पाठीमागे लपवला. "नहीं साहब! अभी बिल्कुल नहीं!"

आम्ही सगळे गार. साहेबांनी हात पुढे केला, दिघे मागे सरकले. शेवटी साहेब कारकुनाकडे वळले, "लिखो, सामान यहीं रहेगा. और ये आदमी भी. इससे तो मैं भी नहीं छीन पाया!"