विहिरीभोवती फक्की

कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही. कारण त्या दिवशी माझी एकही कृती चुकीची नव्हती. घडले ते मात्र सगळे चुकीचे.

गेल्या थंडीत आम्ही बारामतीहून नरसिंहपूरच्या अलीकडे, नीरेच्या काठी तंबूत राहायला गेलो. आई, वडील, ताई आणि तिची चार वर्षांची मनू. वडिलांच्या मित्राचे तिथे पडीक रान आहे. त्यांची परवानगी मी आधीच घेतली होती. तीही दोनदा.

सुरक्षिततेची जबाबदारी माझ्याकडे होती, म्हणजे मीच घेतली होती. पोहोचताच टेपने पाण्यापासून वीस मीटर मोजले आणि मनूने ओलांडू नये म्हणून तिथे चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ मारली. तंबूच्या खुंट्यांना कुणी अडखळू नये म्हणून त्यांना लाल फडकी बांधली. सगळे वहीत टिपून ठेवले. आता तुम्हीच सांगा, यात गैर काय?

इतक्यात शेजारच्या उसातून एक वयस्कर गृहस्थ आले. हे तात्या. त्यांनी रेघ पाहिली, फडकी पाहिली, माझी वही पाहिली.

"सायेब, आमचा ऊस जातोय का ह्यात?"

मला वाटले, आमच्या वावरण्याने उसाची नासधूस होईल अशी त्यांना काळजी आहे.

"शक्यतो उसाला धक्का लागू देणार नाही," मी म्हणालो. "पण आत्ताच खात्री देणे योग्य होणार नाही."

"आन आमची इहीर?"

"बांधालगतची ना? ती माझ्या लक्षात आहे. तिच्याभोवतीही फक्की टाकायची आहे."

तात्या मटकन बांधावर बसले. "माझ्या बापानं सोताच्या हातानं खांदलीय वो ती."

"असेल. पण उघडी विहीर धोक्याचीच," मी सौम्यपणे समजावले आणि विहिरीभोवती सुबक रिंगण आखले.

तात्या घरी गेले आणि अर्ध्या तासात चहाची किटली, सातबारा आणि काकूंना घेऊन परत आले. कुणी कागद हातात दिला की तो वाचल्याशिवाय परत करणे मला जमत नाही. मी उभ्याउभ्या अख्खा सातबारा वाचला.

"कागद व्यवस्थित आहेत," मी म्हणालो. "पण यांची काही गरज नव्हती."

"म्हंजी वरच्या वर ठरलंच म्हणा की," तात्या काकूंना म्हणाले.

काकूंनी डोळ्याला पदर लावला. "ह्या पोराला आई-बाप हायती का न्हाय?"

"आहोत की," आईने तंबूतून डोके बाहेर काढले. "काय केलं ह्यानं?"

"रस्त्यासाठी आमची जमीन मोजतोय, आन इहीर बुजवायला निघालाय," तात्या म्हणाले.

वडील चटईवर आडवे होऊन हसू लागले. "अहो तात्या, कुठला साहेब? एम. एस्सी. होऊन दीड वर्ष घरी बसलाय. भाचीसाठी रेघा मारतोय तो."

तात्यांना पटेना. शेवटी मी पाकिटातून ग्रंथालयाचे ओळखपत्र काढून दिले. मुदत संपलेले. त्यांनी ते उलटसुलट पाहिले, मोठा श्वास सोडला आणि सगळ्यांना चहा ओतला.

मग आईकडे वळून म्हणाले, "वैनी, काळजी करू नगा. तासभर बोलला, पर काय बी कळू दिलं न्हाय. ह्याला सरकारात घेत्यातच."

माझ्या सतरा वर्षांच्या शिक्षणाला आजवर मिळालेले हे एकमेव शिफारसपत्र.